अकरा ओळींतले दोन दिवस

५ जानेवारी

टिल्लू,

पाच प्रकरणं पोचली. फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं तू ऐकून घेत नाहीस, म्हणून लिहूनच कळवते. पन्नाशी उलटलेल्या माणसाला टिल्लू म्हणू नये, पण नाव मावशीनं ठेवलंय, मी कोण बदलणार.

चांगलं लिहिलंयस. मावसभाऊ म्हणून नाही, तीस वर्षं दुसऱ्यांची पुस्तकं दुरुस्त करणारी बाई म्हणून सांगते. डोंगर पोखरून पाण्यासाठी बोगदा कसा नेतात, हे मला आजवर कुणी इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं. तुझा वेल्डर तर मला फारच आवडला. लोखंडाशी भांडल्याशिवाय ज्याचं काम होत नाही असा माणूस कागदावर उभा करणं सोपं नसतं.

आता तक्रारी. ‘काळाकुट्ट, भयाण, जीवघेणा अंधार’ यातले तिन्ही शब्द काढलेत. अंधार म्हटलं की पुरे. दुसरं म्हणजे, प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी तू उपदेश करतोस. शेवटचा परिच्छेद हातानं झाकून वाचून बघ. प्रकरण त्याच्या आधीच संपलेलं असतं, तू उगाच पाहुण्याला दारात अर्धा तास उभं करून बोलत राहतोस.

सहावं प्रकरण लवकर धाड. छत कोसळल्यानंतरचं. खरं पुस्तक तेच आहे. चौदा वर्षांपूर्वी तू सहा दिवस आत अडकून जिवंत बाहेर आलास हे पेपरातून सगळ्यांना ठाऊक आहे, आत काय झालं ते कुणालाच नाही. आमचे मालक जूनमध्ये पुस्तक काढायचं म्हणतायत आणि रोज माझ्या टेबलाशी येऊन ‘भाऊ काय म्हणतो?’ विचारतात. मी म्हणते, भाऊ लिहितोय.

ताई


१९ जानेवारी

ताई,

उपदेश काढला. वाचताना मलाच जांभई आली, तेव्हा तुझं खरं असणार.

सहावं प्रकरण सोबत आहे. बाकीची पाच दोन महिन्यांत झाली आणि या एकाला सव्वा महिना लागला. ऑफिसात लिहीत बसतो. हल्ली मला सुरक्षा विभागात बसवलंय, म्हणजे हेल्मेट घातलं का, बूट घातले का, एवढं बघायचं. माझ्या खोलीचं दार मी बिजागऱ्यांसकट काढून टाकलंय. साहेबांना वाटतं, माणूस मोकळ्या मनाचा आहे, कधीही या. खरं म्हणजे दार लागलं की मला घाम फुटतो. घरीसुद्धा न्हाणीघराला कडी नाही. मी आत असलो की बायको बाहेरून भांडी वाजवत राहते, कुणी येऊ नये म्हणून.

गेल्या आठवड्यात पुन्हा भाषणाला नेलं. नवीन भरती झालेले दोनशे जण उभे राहिले. मी ‘बसा बसा’ म्हणतो, बसत नाहीत. मग साहेब सांगतात, आपल्या जोडीदाराचा आवाज शेवटपर्यंत ज्यानं सोडला नाही तो हा माणूस. टाळ्या. मी टेबलावरच्या पाण्याच्या पेल्याकडे बघत बसतो.

वेल्डरच्या बायकोला पुस्तकाचं सांगितलं. मी त्यांना वहिनी म्हणतो, आमच्या घरापासून तिसऱ्या गल्लीत राहतात. सासूबाई नऊ वर्षं अंथरुणाला खिळलेल्या. त्यांचं सगळं वहिनीच करतात. मूलबाळ नाही. माझ्याबरोबर आत अडकलेला वेल्डर जाताना जे बोलला, ते त्यांनी अक्षरशः पाळलं. तेही प्रकरणात आलंय, बघ.

टिल्लू


२ फेब्रुवारी

टिल्लू,

सहावं प्रकरण तीनदा वाचलं. पहिल्यांदा बहीण म्हणून वाचलं आणि रडले. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन बसले, तेव्हा मात्र थांबले.

तुझ्या पहिल्या पाच प्रकरणांत ‘मी’ पानोपानी आहे. मी शिडी लावली, मी चिडलो, मी वेल्डरशी पैज हरलो. सहाव्यात छत कोसळेपर्यंत आहे, पहिल्या दिवशीही आहे. आणि मग तो नाहीसा होतो. ‘बोलणं कमी होत गेलं.’ ‘हाक मारण्यात आली.’ ‘उत्तर मिळालं नाही.’ कुणाचं बोलणं कमी झालं, कुणी हाक मारली? आत दोनच माणसं होतात. ढिगाऱ्याच्या अलीकडे तू आणि पलीकडे तो, मधे हवेचा पाइप, हे तूच लिहिलंयस. वाक्यातून कर्ता गायब झाला की संपादकाला वास येतो. सरकारी पत्रात कर्ता गायब असतो, कारण तिथं कुणाला जबाबदारी नको असते. तुझं काय?

दुसरं. पहिल्या दिवसाला तू नऊ पानं दिलीस. दुसरा आणि तिसरा दिवस मिळून अकरा ओळी. चौथा ते सहावा, पुन्हा चौदा पानं. घरात एखादी खोली कुलूपबंद असावी तसं वाटतं.

शेवटच्या शब्दांची ओळ तेवढी मी जरा सारखी केली. तू लिहिलं होतंस, ‘आईला सोडू नकोस म्हणून तिला सांग.’ मी केलं, ‘तिला सांग, माझ्या आईला अंतर देऊ नकोस.’ मालकांना इतकी आवडली की जाहिरातीच्या पत्रकावर तीच टाकणार म्हणतात.

त्या अकरा ओळी मला पुन्हा लिहून पाठव.

ताई


२० फेब्रुवारी

ताई,

आठवत नाही म्हणून अकरा ओळी आहेत. अंधारात सगळं सारखंच असतं, तूच म्हणालीस अंधार म्हटलं की पुरे. खोलीला कुलूप वगैरे तुमच्या पुस्तकवाल्यांच्या कल्पना. मी साधा माणूस आहे, शाळेत व्याकरणात मला कधी पस्तीसच्या वर गुण मिळाले नाहीत.

आहे तसं छापायचं तर छापा, नाहीतर परत पाठवून द्या.

टिल्लू


४ मार्च

टिल्लू,

‘छापा, पाठवून द्या.’ मला एकटीला ‘तुम्ही’ करून टाकलंस. लहानपणी माझ्यावर रुसलास की असाच बोलायचास.

परत पाठवता येणार नाही. करारावर तुझी सही आहे, पत्रकं छापून झाली, तुझ्या कंपनीनं पाचशे प्रती मागवल्यात आणि मालकांनी त्या जोरावर कागद घेऊन ठेवलाय. या पुस्तकाची शिफारस मी केली होती. गेल्या वर्षी माझी दोन पुस्तकं पडली, त्यामुळे माझी खुर्चीही जरा डुगडुगतेय. हे तुला सांगणार नव्हते, पण मीच लपवाछपवी केली तर तुला कोणत्या तोंडानं विचारू?

तेव्हा सरळच विचारते. पाणी होतं ना तुझ्याकडे, पाच लिटरचा डबा? पहिल्या दिवशी आहे, मग त्याचा उल्लेखच नाही. तू एकट्यानं प्यायलास का? प्यायला असशील तर लिही. तहानलेल्या माणसाला कुणी सुळावर देत नाही. मी इतक्या वर्षांत शंभर आत्मचरित्रं डोळ्यांखालून घातली. ज्यानं एक तरी वाईट गोष्ट कबूल केली, त्याच्याच चांगल्या गोष्टींवर वाचक विश्वास ठेवतो.

नाही म्हणायचं असेल तर नाही म्हण. पण ‘आठवत नाही’ म्हणू नकोस. ते मला खोटं वाटतं.

ताई


२५ मार्च

ताई,

पाण्याचं नव्हतं. पाइप मधे चेपला होता, त्यातून आवाज जायचा, पाणी जाणं शक्यच नव्हतं. त्या डब्याबद्दल कधी कुणी बोट दाखवलं असतं तर बरं झालं असतं, मला निदान खरं उत्तर देता आलं असतं.

तुझं पत्र आल्यावर मी लिहिणार नव्हतो. पण रविवारी वहिनी घरी आल्या. हातात तुमचं पत्रक. कंपनीच्या फलकावर लावलं होतं, त्यातलं एक कुणीतरी त्यांना दिलं. चौदा वर्षांत मी त्यांना इतकं प्रसन्न पाहिलं नव्हतं. म्हणाल्या, “भाऊजी, आता छापून आलं. माझ्या बहिणीला पाठवणार आहे. ती नेहमी म्हणते, तू वेडी आहेस, कशाला तिथं राहिलीस. आता तिला दाखवते, हे बघ कशाला.” बायकोनं चहा केला. मी पेला तसाच ठेवून परसात जाऊन उभा राहिलो.

ते शब्द तो बोललाच नाही, ताई.

आता लिहितोच. तू हवं तर फाडून टाक.

छत कोसळलं तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. त्याचा पाय लोखंडी कमानीखाली सापडला होता. माझ्या हातात अंधारात चमकणाऱ्या काट्यांचं घड्याळ होतं, त्याच्याकडे काहीच नव्हतं. तो पाइपातून विचारायचा, “किती वाजले रे?” मी सांगायचो. तो हिशेब करायचा, आता पाळी बदलली असेल, आता वरून खोदायला लागले असतील, आता इतके फूट आले असतील. दहा मिनिटांनी पुन्हा, “किती वाजले?” पहिला दिवस, पहिली रात्र, मी एकदाही चुकलो नाही. तेवढं मी खरं लिहिलंय.

दुसऱ्या दिवशी त्याचा आवाज बदलला. कण्हायचा आणि विचारायचा. मला वाटलं, वेळ पुढे ढकलून सांगावी, त्याला बरं वाटेल. दोनला सहा सांगितले. ते लगेच त्याच्या लक्षात आलं. म्हणाला, “मघाशी तर दीड म्हणालास. खोटं का सांगतोस, मी मरतोय का?” मी म्हणालो, नाही. त्यानंतर तो दर मिनिटाला विचारायला लागला, कारण माझ्यावर विश्वास राहिला नव्हता. किती वाजले, किती वाजले. माझ्या डोक्यात घण पडत होते. मला वाटायला लागलं, याचा आवाज थांबला नाही तर मी इथेच वेडा होईन आणि कुणी काढलं तरी काढलेला माणूस मी नसेन.

चार वाजता मी अंगातला शर्ट काढला, त्याचा बोळा केला आणि पाइपात कोंबला.

तरी थोडं ऐकू येत होतं. मी कानांवर हात ठेवले. मग झोप लागली. मला झोप लागली, ताई. तिसऱ्या दिवशी सकाळी नऊला बोळा काढला. हाक मारली. मी मारली. काही आलं नाही.

डॉक्टरांच्या कागदावर आहे की पाय चिरडल्यानं तो गेला, हवा कमी पडून नव्हे. हवा त्याला दुसऱ्या बाजूच्या फटीतून मिळत होती. तो कागद माझ्या कपाटात आहे आणि मला पाठ आहे. पण तो चारनंतर लगेच गेला की रात्री, तेवढा वेळ तो विचारत होता का, हे कुठल्या कागदावर नाही.

इस्पितळात वहिनी आल्या, बरोबर सासूबाई. वहिनींनी विचारलं, “काही म्हणाले का?” मी काय सांगू? समोर त्याची आई बसलेली. माझी आई आदल्याच वर्षी गेली होती. तोंडून निघून गेलं, आईला सोडू नकोस म्हणाला. शेजारी बातमीदार उभा होता.

मला वाटलं, दोन दिवसांचं सांत्वन आहे. चौदा वर्षं झाली. मधे त्यांच्या बहिणीनं मुलींच्या वसतिगृहात अधीक्षिकेची जागा मिळवून दिली होती, राहायच्या खोलीसकट. तीनदा बोलावलं. तिन्ही वेळा वहिनी माझ्याकडे सल्ला विचारायला आल्या आणि शेवटी स्वतःच म्हणाल्या, “नको, त्यांचा शब्द आहे.” तिन्ही वेळा मी समोर बसून होतो.

तू म्हणतेस कर्ता कुठे गेला. इथे होता.

टिल्लू


३ एप्रिल

टिल्लू,

फाडलं नाही. तू चूक केली नाहीस असं मी म्हणणार नाही, तुला ते पटणारही नाही. शर्टाचं मला समजतं. त्या अंधारात मी काय केलं असतं ते मला ठाऊक नाही, आणि ज्यांना ठाऊक आहे असं वाटतं ते तिथं नव्हते. पण तिन्ही वेळा गप्प बसलास, तेव्हा उजेड होता.

आणि माझं. ती ओळ वाचताना मला खटकली होती. लोखंडाशी भांडणारा माणूस असं बोलेल का, असं मनात आलं होतं. तेव्हा मी थांबून तुला विचारायला हवं होतं. मी काय केलं, तर ती ओळ आणखी गोंडस केली. खोट्या दागिन्याला वर मुलामा दिला आणि पाच हजार पत्रकांवर छापला. तू खोटं अंधारातून बाहेर आल्या आल्या, घाबरून बोललास. मी ते दिव्याखाली बसून, पेन्सिलीला टोक करून केलं. तुझी वहिनी ते पत्रक बहिणीला पाठवणार आहे, त्यावर माझा शब्द आहे, ‘अंतर’.

आता काय करायचं ते ऐक. सहावं प्रकरण तू पत्रात लिहिलंस तसंच जाईल. एक शब्द हलवायचा नाही. पण त्याआधी तू त्यांच्या घरी जायचंस. पुस्तक वाचून त्यांना कळता कामा नये. मी इकडे मालकांना काहीच सांगितलेलं नाही. तू सांगून येईपर्यंत सांगणार नाही. ते मलपृष्ठासाठी रोज तीच ओळ मागतायत आणि मी रोज काहीतरी सबब सांगते. आठ दिवस डोकेदुखी झाली, आता कंबर धरलीय म्हणणार आहे.

जा.

ताई


३० एप्रिल

ताई,

तीन वेळा गेलो. पहिल्यांदा गल्लीच्या तोंडाशी एक ओळखीचा भेटला, त्याच्याशी पाऊण तास बोललो आणि परत आलो. दुसऱ्यांदा दारापर्यंत गेलो, त्या सासूबाईंना भरवत होत्या, म्हणाल्या, “भाऊजी, पुन्हा कधी या.” जीव भांड्यात पडला. तिसऱ्यांदा बायको बरोबर आली आणि दाराबाहेर चपला राखत उभी राहिली, म्हणजे मला पळता येऊ नये.

घरात दोनच खोल्या. आतल्या खोलीत सासूबाईंची खाट, बाहेरच्या खोलीत खिडकीशी वहिनींचं शिवणयंत्र. बाहेरच बसलो. मी सगळं सांगितलं. घड्याळाचं, शर्टाचं. त्या हातातल्या कापडाचा दोरा ओढत होत्या, तो त्यांनी मधेच सोडला.

“म्हणजे ते म्हणालेच नाहीत?”

“नाही.”

“आईंचं नावसुद्धा काढलं नाही?”

“नाही.”

“माझं?”

मी नकारार्थी मान हलवली. खोटं बोलायची फार इच्छा झाली, ताई. एक शब्द, एवढंच पुरलं असतं.

त्यांनी कापड घडी करून मांडीवर ठेवलं. मग विचारलं, “बोळा काढल्यावर तुम्ही किती वेळा हाक मारलीत?”

“मोजलं नाही. दुपारपर्यंत मारत होतो.”

“तेव्हा तुम्हाला वेळ मिळाला.”

मी उठणार होतो. त्या म्हणाल्या, “बसा. तुम्हाला एक सांगते. त्या आठवड्यात आम्ही वेगळं बिऱ्हाड करणार होतो. आईंशी त्यांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. खोलीची किल्लीसुद्धा आणली होती त्यांनी, माझ्या पेटीत आहे. तुम्ही तो निरोप दिलात तेव्हा मला वाटलं, मरताना त्यांना पश्चात्ताप झाला, आईची माया आली. मी म्हटलं, त्यांचं मन बदललं तर माझं का नको? म्हणून राहिले. ही खाट, हे भरवणं, रोजची धुणी. भाऊजी, मी कुणाच्या सांगण्यावरून राहिले?”

“माझ्या,” मी म्हणालो.

“जा आता.”

बारा दिवस झाले. त्या दिसल्या की मान फिरवत नाहीत, बघतात आणि पुढे जातात. काल त्यांनी शेजारणीच्या हाती चिठ्ठी धाडली, ‘त्या प्रकरणाची प्रत हवी.’ दिली. शेवटी त्यांची क्षमा मागणारा एक परिच्छेद मी जोडलाय.

बायको म्हणते, सांगून मोकळा झालास. मला तसं काही वाटत नाही. आधी मी एकटाच कोंडलेला होतो, आता त्यांनाही कळलं की त्या कोंडलेल्या आहेत.

टिल्लू


१६ मे

टिल्लू,

मालकांना सांगितलं. प्रकरण त्यांच्यासमोर ठेवलं आणि मी म्हणाले, मलपृष्ठावर ती ओळ जाणार असेल तर माझं नाव काढा आणि माझा राजीनामाही घ्या. घरून निघताना कागद लिहूनच नेला होता.

त्यांनी तिथेच बसून वाचलं. मग चष्मा काढून म्हणाले, “अहो बाई, हे तर जास्त खपेल.”

मी राजीनामा पर्समध्ये ठेवून परत आले. आनंद व्हायला हवा होता, पण घरी येऊन नुसती बसून राहिले. प्रकरण बदलल्याचं कळताच तुझ्या कंपनीनं पाचशे प्रतींची मागणी रद्द केलीय, ते ठीक. पण आता यांना नवीन पत्रक हवंय. ‘वीराची कबुली’ असं काहीतरी त्यांच्या मनात आहे. काल वीर म्हणून टाळ्या घेतल्यास, उद्या प्रामाणिक वीर म्हणून घ्याव्या लागतील. एका खोलीतून काढून दुसरीत घालायचं, एवढंच आमचं काम.

पत्रक मी होऊ देणार नाही. शीर्षकही साधं ठेवू. पण पुस्तक निघायचं की नाही, हे मालक ठरवणार नाहीत, मी नाही आणि तूही नाहीस. त्या बाईंना विचार. त्या नको म्हणाल्या तर मी राजीनामा पर्समधून काढते आणि कराराचं काय ते बघू.

विचारून कळव.

ताई


१४ जून

ताई,

उत्तराला उशीर झाला, कारण मी विचारायला गेलो नाही. त्यांच्या मागे लागायचा मला हक्क नाही असं वाटलं. त्याच आल्या, परवा, ऑफिसात. दार नाहीच, त्यामुळे सरळ आत येऊन उभ्या राहिल्या. हातात कपड्यांची पिशवी.

म्हणाल्या, “ते प्रकरण मी आईंना वाचून दाखवलं.”

मी म्हणालो, “कशाला वहिनी? त्यांना तेवढाच आधार होता.”

“मुद्दाम दाखवलं. त्यांना लागावं म्हणून. मला लागलं तसं त्यांना का लागू नये? शर्टाच्या वाक्यापाशी थांबले, पाणी प्यायले, पुन्हा पहिल्यापासून वाचलं.”

“मग?”

“मला वाटलं रडतील. रडल्या नाहीत. म्हणाल्या, हे किती वाजले किती वाजले, हा माझा लेक. दुसरं ते त्याचं नव्हतंच. सोडू नकोस म्हणे. सोडून तर तोच निघाला होता.”

वहिनी तिथल्या स्टुलावर बसल्या. मी पाणी दिलं, त्यांनी ते हातात धरून ठेवलं.

“मी म्हटलं, आई, म्हणजे तुम्हाला तेव्हापासून ठाऊक होतं? त्या म्हणाल्या, इस्पितळातच ठाऊक होतं. जन्म दिलेल्या पोराचं बोलणं मला कळणार नाही? मी म्हटलं, मग बोलला का नाहीत? तर म्हणाल्या, बोलले असते तर तू गेली असतीस.”

बाहेर कुणीतरी हेल्मेटांचा ढीग रचत होतं, त्याचा आवाज येत होता.

“मग काय केलंत?” मी विचारलं.

“काय करणार? त्यांची चादर ओली झाली होती, ती बदलली. केस विंचरून दिले. त्या बघत होत्या माझ्याकडे. मग दुसऱ्या गावी असलेल्या दिराला निरोप पाठवला, की चौदा वर्षं झाली, आता तुझी पाळी. तो आज सकाळी बायकोला घेऊन आला. औषधं कुठली कधी द्यायची ते कागदावर लिहून भिंतीला लावलंय. त्यांनी एक शब्द विचारला नाही. मी निघताना फक्त म्हणाल्या, पिशवीत गरम काही घेतलंस का.”

बहिणीकडे जायला निघाल्या होत्या. वसतिगृहाची जागा केव्हाच भरलीय, तिथं दुसरं काही मिळेल असंही नाही. शेहेचाळीस वर्षांच्या बाईला कोण काय देणार, असं त्याच म्हणाल्या, अगदी सहज.

मी पुस्तकाचं विचारलं. नको म्हणाल्यात तर निघणार नाही, हेही सांगितलं.

“काढा,” म्हणाल्या. “शेवटच्या पानावर तुम्ही माझी क्षमा मागितलीय, ती काढून टाका. ते आपलं आपण बघू, लोकांसमोर नको. आणि ते वेळ विचारतात ते सगळं राहू द्या. तुमच्या ताईंना सांगा, त्यातलं एकही ‘किती वाजले’ कमी करू नका. कंटाळवाणं झालं तरी चालेल. तेवढंच त्यांचं स्वतःचं आहे.”

तेव्हा ताई, एक शब्द हलवायचा नाही म्हणूनही मुद्रितांत एकशे बाराव्या पानावर तू काढायला म्हणून पेन्सिलीनं गोल केलेले जे सात ‘किती वाजले’ आहेत, ते परत घाल. क्षमेचा परिच्छेद मी काढलाय.

त्यांना बसपर्यंत पोचवायला गेलो. पिशवी त्यांनी मला धरू दिली नाही. वाटेत एकदाच बोलल्या, की शिवणयंत्राला तेल द्यायचं राहिलं. बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. मी खाली उभा होतो. खालूनच विचारलं, “परत कधी येणार?”

“ते माझं मी ठरवीन,” त्या म्हणाल्या आणि काच सरकवून घेतली.

टिल्लू